छोट्या कंपनीत लिनक्स संगणकांचा ताफा: उभारणी आणि देखभालीचा योग्य क्रम

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात आज तीस ते साठ संगणक सहज असतात आणि ते सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो. विंडोज १० च्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे जुन्या पण धडधाकट संगणकांवर लिनक्स बसवण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. काम मात्र बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाकडून सुरू होते. पेन ड्राइव्ह घेऊन एकेका टेबलावर इन्स्टॉलेशन केले जाते, जागेवर अडेल ते जागेवरच दुरुस्त होते, आणि दोन-तीन महिन्यांनी कोणतेही दोन संगणक एकसारखे उरत नाहीत. त्यानंतर प्रत्येक तक्रार नव्याने सोडवावी लागते.

पुढील सर्व पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत: संगणकाची स्थिती आधी फाइलमध्ये लिहायची आणि मग ती संगणकावर आणायची. हाताने केलेली दुरुस्ती त्या फाइलमध्ये उतरली नाही, तर ती झालीच नाही असे समजावे.

१. तयारी: यंत्रांची आणि कामांची यादी

पहिल्या आठवड्यात एकही इन्स्टॉलेशन करू नये. प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, मेमरी, डिस्कचा प्रकार, बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) जुन्या पद्धतीचा आहे की नव्या, म्हणजे यूईएफआय, आणि तो कोणत्या विभागात कोणत्या कामाला आहे, एवढी माहिती एका तक्त्यात घ्यावी. डिस्कचे आरोग्य तिच्या अंगच्या ‘स्मार्ट’ चाचणीने याच वेळी तपासावे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर नवी प्रणाली बसवली, की पुढची प्रत्येक अडचण लिनक्सच्या माथी मारली जाते.

यंत्रांची नावे माणसांवरून किंवा खोल्यांवरून ठेवू नयेत. माणसे बदलतात आणि टेबले हलतात. विभागाचा संक्षेपही नावात नको, कारण स्टोअरमधला संगणक उद्या डिस्पॅचला जातो. साधा क्रमांक पुरेसा आहे. तोच क्रमांक स्टिकरवर लिहून कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला चिकटवावा, म्हणजे फोनवर बोलणाऱ्याला तो टेबलाखाली न वाकता वाचता येतो.

यंत्रांपेक्षा कामांची यादी अधिक महत्त्वाची असते आणि नेमकी तीच वगळली जाते. टॅली विंडोजवर चालते, त्यामुळे लेखा विभागाचे संगणक पहिल्या फेरीत घेऊ नयेत. डिझाइन विभागात सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅड असेल, तर तो विभागही आहे तसाच ठेवावा. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, वजनकाट्याचा सीरियल पोर्ट आणि बारकोड प्रिंटर ही प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष जोडून, लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर चालवून पाहावी. प्रिंटरच्या बाबतीत विशेष सावध राहावे. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्रिंटर कॅप्ट या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो आणि लिनक्सवर तो नेहमीच्या ड्रायव्हरने चालत नाही. असे पाच-सहा प्रिंटर असतील, तर ते विंडोजच्या टेबलांकडे सरकवून लिनक्सच्या टेबलांसाठी पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारा एखादा नेटवर्क प्रिंटर घेणे शेवटी स्वस्त पडते.

मराठी मजकुराचेही असेच आहे. जुनी पत्रे युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. त्यांचे रूपांतर आधी करून घ्यावे आणि टंकलेखन करणाऱ्यांना इनस्क्रिप्ट हवा की उच्चारानुसारी कळफलक, हे त्यांनाच विचारावे.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक टेबलापुढे ‘लिनक्स’, ‘विंडोजच राहील’ किंवा ‘अजून ठरलेले नाही’ यांपैकी एक नोंद असली पाहिजे. तिसऱ्या प्रकारातल्या टेबलाला हात लावू नये.

२. डिस्ट्रिब्युशन एकच निवडणे

डिस्ट्रिब्युशन म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच. या पायरीवर फार वेळ घालवू नये. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. एप्रिल २०२४ ची २४.०४ आवृत्ती त्यामुळे २०२९ पर्यंत चालते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तीन वर्षांचा पूर्ण आधार आणि त्यापुढे एकूण पाच वर्षांपर्यंत दीर्घ मुदतीचा आधार असतो. दोन्हींपैकी कोणतेही चालेल, पण सर्व्हर आणि डेस्कटॉप मिळून एकच कुटुंब ठेवावे. एका विभागात मिंट, दुसऱ्यात फेडोरा आणि सर्व्हरवर तिसरेच काही, ही आवड घरी जोपासावी. मुदत संपलेली आवृत्तीही तशीच चालू ठेवू नये. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे आणि कोपऱ्यातल्या एखाद्या सर्व्हरवर ती अजून असेल, तर नव्या कामाच्या आधी तिची सोय लावावी.

३. नियंत्रण यंत्र

एक साधा संगणक किंवा छोटा सर्व्हर वेगळा काढावा. त्यावर चार गोष्टी राहतात: सर्व फाइलींचे गिट भांडार (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा साठा), अ‍ॅन्सिबल (फाइलमध्ये लिहिलेली मांडणी संगणकांवर लागू करणारे साधन), पॅकेजांचा (सॉफ्टवेअरच्या तयार संचांचा) स्थानिक साठा आणि नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करण्याची सोय. या यंत्राला यूपीएस द्यावा आणि त्यावर दुसरे कोणतेही काम ठेवू नये.

पॅकेजांच्या साठ्यासाठी एपीटी-कॅशर-एनजी पुरेसा आहे. चाळीस संगणकांनी तीच सुधारणा चाळीस वेळा इंटरनेटवरून ओढण्याऐवजी ती एकदाच उतरते. मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. एचटीटीपीएसवरून येणारी भांडारे वेगळी मांडणी केल्याशिवाय या साठ्यात येत नाहीत, आणि उबुंटूमधली स्नॅप पॅकेजे (उबुंटूच्या स्वतंत्र दुकानातून येणारी) तर या वाटेने येतच नाहीत. फायरफॉक्सची स्नॅप आवृत्ती प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे उतरवतो. बँडविड्थ कमी असेल, तर स्नॅपच्या सुधारणांची वेळ कामाच्या तासांबाहेर ठरवून द्यावी.

इशारा: पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या गिटमध्ये उघड्या ठेवू नयेत. अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने त्या कुलूपबंद कराव्यात आणि व्हॉल्टचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत द्यावा. एकाच माणसाच्या डोक्यात असलेला पासवर्ड तो माणूस गावाला गेला की कंपनीसाठी नसल्यासारखाच असतो.

४. नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन

येथे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात डेबियनची प्रीसीड किंवा उबुंटूची ऑटोइन्स्टॉल फाइल (इन्स्टॉलेशनमधल्या प्रश्नांची आधीच दिलेली उत्तरे) लिहून, पीएक्सईने म्हणजे नेटवर्कवरूनच संगणक सुरू करून, इन्स्टॉलेशन आपोआप पूर्ण होऊ द्यावे. दुसऱ्या मार्गात एक संगणक नीट तयार करून त्याची प्रतिमा (संपूर्ण डिस्कची नक्कल) इतरांवर उतरवावी. दुसरा मार्ग झटपट वाटतो, म्हणून बहुतेक जण तोच धरतात आणि पस्तावतात. फाउंड्रीत पॅटर्नमधला दोष जसा प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरतो, तसा मूळ संगणकातला प्रत्येक दोष प्रतिमेबरोबर सगळीकडे जातो, आणि त्या मूळ संगणकावर नेमके काय केले होते हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. पहिलाच मार्ग धरावा. इन्स्टॉलेशनची फाइल मात्र शक्य तितकी लहान ठेवावी: डिस्कची विभागणी, एक व्यवस्थापकीय खाते, एसएसएच सेवा (दुरून सुरक्षित प्रवेशाची सोय) आणि पायथन. बाकी सर्व अ‍ॅन्सिबलकडे सोपवावे.

काही कारणाने प्रतिमाच उतरवावी लागली, तर पुढील गोष्टी प्रतिमा घेण्यापूर्वी करणे भागच आहे.

पहिली गोष्ट मशीन-आयडीची. एटसी फोल्डरमधली ही फाइल प्रत्येक संगणकाची अंतर्गत ओळख असते. ती सर्व प्रतींत सारखी राहिली, तर उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) जाणारी ओळखही सारखीच होते आणि दोन संगणकांना एकच आयपी पत्ता मिळू लागतो. नेटवर्क कधी चालते, कधी थांबते. केबल बदलली जाते, स्विच बदलला जातो, आणि खरे कारण या एका ओळीत दडलेले असते. ही फाइल पुसून टाकू नये, रिकामी करावी. पुढच्या सुरुवातीला प्रणाली नवी ओळख तयार करते. डी-बसच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची वेगळी प्रत नाही ना, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट एसएसएचच्या यजमान किल्ल्यांची. त्या सर्वत्र सारख्या असतील, तर एका संगणकाची किल्ली हाती लागलेला माणूस कोणत्याही संगणकाचे सोंग घेऊ शकतो. त्या काढून टाकाव्यात. पण डेबियन आणि उबुंटूत त्या काढल्यावर आपोआप तयार होतीलच असे नाही, आणि किल्ल्यांशिवाय एसएसएच सेवा सुरूच होत नाही. म्हणून पहिल्या सुरुवातीलाच नव्या किल्ल्या तयार करणारी छोटी सेवा प्रतिमेत घालून ठेवावी. यंत्राचे नाव बदलणे तर उघडच आहे, तरी तेही राहून जाते.

इशारा: पीएक्सईसाठी नियंत्रण यंत्रावर दुसरा डीएचसीपी सर्व्हर सुरू करू नये. राउटर आधीच पत्ते वाटत असतो. दोघेही वाटू लागले, तर संपूर्ण कार्यालयाचे नेटवर्क कोलमडते आणि तेही नेमके बिले काढण्याच्या वेळी. डीएनएस-मास्क हे साधन प्रॉक्सी पद्धतीने चालवावे, म्हणजे पत्ते राउटरच देतो आणि बूट फाइल कोठे आहे एवढेच नियंत्रण यंत्र सांगते. जुना बायोस आणि यूईएफआय यांना वेगवेगळ्या बूट फाइली लागतात. पहिल्या पायरीत केलेली नोंद येथे उपयोगी पडते.

तपासणी: पूर्ण पुसलेला एक संगणक नेटवर्कला जोडून सुरू करावा आणि कळफलकाला हात न लावता इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत जाते का, ते पाहावे. मध्येच कोठे प्रश्न विचारला गेला, तर त्याचे उत्तर पडद्यावर न देता फाइलमध्ये लिहावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

५. मांडणी लिहिणे

अ‍ॅन्सिबलला संगणकावर वेगळा एजंट लागत नाही. एसएसएच आणि पायथन असले की काम होते. आरंभी तीन गट पुरे आहेत: सर्व संगणक, डेस्कटॉप आणि सर्व्हर. विभागांचे गट त्या-त्या विभागाची वेगळी गरज खरोखर दिसल्यावर करावेत.

लिहिण्याचा क्रम असा ठेवावा. आधी खाती आणि किल्ल्या, मग वेळेची मांडणी, मग पॅकेज भांडारे, त्यानंतर फायरवॉल आणि सर्वांत शेवटी विभागांची सॉफ्टवेअरे. खात्यांचे यूझर क्रमांक स्वतः ठरवून द्यावेत आणि ते सर्व संगणकांवर सारखेच ठेवावेत. ते प्रणालीवर सोडले, तर एका संगणकावर स्टोअरकीपरचा जो क्रमांक असतो तोच दुसऱ्यावर डिस्पॅच कारकुनाचा निघतो, आणि एनएफएसने जोडलेल्या सामाईक फोल्डरमध्ये एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. चाळीस-पन्नास संगणकांपर्यंत फ्रीआयपीएसारखी मध्यवर्ती ओळख व्यवस्था टाळावी असे माझे मत आहे. ती चांगली आहे, पण सर्व्हर बंद पडला की लॉगिनचा प्रश्न सगळ्यांपुढे उभा राहतो आणि तिची निगा राखणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद करणे योग्यच आहे, पण त्याचा क्रम चुकला तर स्वतःलाच बाहेर राहावे लागते. किल्लीने प्रवेश होतो हे आधी वेगळ्या खिडकीत तपासावे, सेवेच्या मांडणीची चाचणी आज्ञा चालवावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि नवे सत्र उघडल्याची खात्री होईपर्यंत जुने सत्र बंद करू नये. सुडोची (व्यवस्थापकीय अधिकार देणाऱ्या आज्ञेची) फाइल बदलताना अ‍ॅन्सिबलला व्हीसुडोकडून पडताळणी करायला सांगावे. तीतली व्याकरणाची एक चूक सुडो पूर्ण बंद पाडू शकते.

प्रत्येक बदल आधी चेक पद्धतीने (प्रत्यक्ष काही न बदलता), फरक दाखवायला सांगून, एकाच संगणकापुरता मर्यादित करून चालवावा. त्यातही एक मेख आहे: शेल किंवा कमांड प्रकारची कामे चेक पद्धतीत वगळली जातात, त्यामुळे ‘चेकमध्ये सगळे ठीक होते’ हा पुरावा नव्हे. अशी कामे शक्य तितकी कमी ठेवावीत.

तपासणी: तेच प्लेबुक (लिहिलेल्या कामांची फाइल) लागोपाठ दोनदा चालवावे. दुसऱ्या वेळी बदलांची संख्या शून्य आली पाहिजे. ती शून्य नसेल, तर कोणते तरी काम दर वेळी नव्याने काहीतरी करत आहे आणि ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. संध्याकाळी बंद होणाऱ्या संगणकांची सोय

सर्व्हरसाठी लिहिलेली मार्गदर्शिका कार्यालयात फसते ती येथे. सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. टेबलावरचा संगणक सहा वाजता बंद होतो, शनिवारी अर्धाच दिवस चालतो, आणि दुपारी वीज गेली की तोही जातो. नियंत्रण यंत्रावरून बदल ढकलले, तर त्या वेळी बंद असलेले संगणक मागे राहतात. दर वेळी वेगवेगळे पाच-सहा मागे राहिले, की महिन्याभरात पुन्हा मूळ दुखणे परत येते.

यावर उपाय म्हणजे दिशा उलटवणे. अ‍ॅन्सिबल-पुल हे साधन प्रत्येक संगणकावर बसवावे. ते गिट भांडारातून प्लेबुक ओढून घेऊन स्वतःवरच चालवते. ते सुरू करण्यासाठी ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरावा आणि त्यात ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे ठरलेल्या वेळी संगणक बंद असेल तर तो सुरू झाल्यावर राहिलेले काम होते. सकाळी नऊ वाजता चाळीस संगणक एकाच क्षणी भांडारावर धावू नयेत, म्हणून यादृच्छिक विलंबही द्यावा. अर्धा तास पुरतो. सर्व्हरवर मात्र ढकलण्याचीच पद्धत ठेवावी, कारण तेथे बदल नेमका कधी होतो हे आपल्या हातात असलेले बरे.

गुप्त माहिती या पद्धतीत जपावी लागते. भांडारातून ओढणाऱ्या प्रत्येक डेस्कटॉपला व्हॉल्टचा पासवर्ड द्यावा लागत असेल, तर सर्व्हरच्या किल्ल्या त्याच भांडारात ठेवणे धोक्याचे आहे. डेस्कटॉपसाठी वेगळे भांडार करावे आणि त्यात गुप्त काही ठेवूच नये.

७. सुधारणा टप्प्याटप्प्याने

सुधारणा आपोआप बसवणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स सर्वत्र चालू असावे. ते मूळ मांडणीत वितरणाच्या स्वतःच्या भांडारांपुरतेच पाहते. बाहेरून जोडलेली भांडारे त्यात मुद्दाम घालावी लागतात, अन्यथा ब्राउझर वर्षभर जुनाच राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

सर्वांना एकाच दिवशी सुधारणा देऊ नये. आधी स्वतःचा संगणक आणि प्रत्येक प्रकारच्या कामाचा एकेक नमुना, दोन दिवसांनी एक विभाग, त्यानंतर बाकीचे, असा क्रम ठेवावा. नमुन्याचे संगणक निवडताना तक्रार करणारी माणसे निवडावीत. गुपचूप सोसणाऱ्याच्या टेबलावर चाचणी होत नाही. महिनाअखेर, जीएसटी विवरणपत्राचे दिवस आणि मोठ्या डिस्पॅचचा दिवस या काळात तातडीच्या सुरक्षा सुधारणेखेरीज काहीही बदलू नये.

कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) सुधारणा संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत लागू होत नाही. डेस्कटॉप रोज बंद होतात, त्यामुळे तेथे प्रश्न नाही. सर्व्हरवर मात्र ‘रीबूट आवश्यक’ अशी खूण देणारी फाइल देखरेखीत घ्यावी. डिस्कवर एन्क्रिप्शन असेल, तर पुन्हा सुरू होताना परवलीचा शब्द विचारला जातो. रविवारी घरून सर्व्हर रीबूट करण्यापूर्वी हे आठवावे.

८. वेळ, लॉग आणि देखरेख

वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असला, की सुरू होताना घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि एपीटी ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशी तक्रार करते. लोक इंटरनेटला दोष देतात. सेल बदलावा आणि क्रोनी या साधनाने इंटरनेटवरून वेळ जुळवावी.

वेळेचा आणि लॉगचा प्रश्न कायद्याचाही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळ सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळती ठेवायची आहे, लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. म्हणून लॉग प्रत्येक डेस्कटॉपवर न साठवता एका ठिकाणी पाठवावेत आणि स्थानिक जर्नलला आकाराची मर्यादा घालावी.

देखरेखीत फार काही घेऊ नये. डिस्क किती भरली, स्मार्टचा निकाल काय, घड्याळ किती चुकले, अ‍ॅन्सिबल-पुल शेवटचे यशस्वी कधी झाले आणि बॅकअप शेवटचा कधी झाला, एवढे पुरे. प्रोसेसरच्या वापराचे रंगीत आलेख चार दिवस पाहिले जातात. शेवटच्या दोन गोष्टींत ‘अपयश आले’ असा संदेश मागण्याऐवजी ‘तीन दिवसांत यश कळले नाही’ असा इशारा मागावा, कारण जे काम सुरूच झाले नाही ते अपयशही कळवत नाही.

९. बॅकअप आणि पुराचा काळ

डेस्कटॉपचा बॅकअप घेऊ नये. कामाच्या फाइली सर्व्हरवर ठेवाव्यात आणि डेस्कटॉप केव्हाही पुसता येईल असा असावा. सर्व्हरचा बॅकअप रेस्टिक किंवा बोर्गने, एक प्रत आवारात आणि एक आवाराबाहेर अशी घ्यावी.

आवाराबाहेर म्हणजे नेमके कोठे, याचा विचार कोल्हापुरात नकाशा समोर ठेवून करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग बंद पडला होता. शिरोलीच्या कारखान्याची दुसरी प्रत व्हिनस कॉर्नरजवळच्या तळमजल्यावरील कार्यालयात असेल, तर मूळ यंत्रापर्यंत वाट नाही आणि प्रत पाण्यात, अशी वेळ येऊ शकते. दुसरी प्रत उंचावरच्या भागात आणि शक्य असल्यास तिसरी जिल्ह्याबाहेर ठेवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर पोहोचल्याची बातमी आली, की त्याच दिवशी ताजा बॅकअप घेऊन सर्व्हर आणि स्विच तळमजल्यावरून वर हलवावेत, असा लेखी नियम करून ठेवावा. व्हीपीएनने दूरून प्रवेश होतो का, हे मे महिन्यातच तपासावे.

तपासणी: तीन महिन्यांतून एकदा कोणताही एक फोल्डर दुसऱ्या प्रतीतून, वेगळ्या संगणकावर परत आणावा आणि तो त्याच विभागाच्या माणसाला उघडून पाहायला सांगावा. त्याच दिवशी एक डेस्कटॉप पूर्ण पुसून चौथ्या पायरीपासून उभा करावा.

१०. खाते आणि यंत्र काढून टाकणे

कर्मचारी सोडून गेला की अ‍ॅन्सिबलच्या यादीतून त्याची ओळ पुसली जाते आणि काम झाले असे समजले जाते. तसे होत नाही. ओळ नसलेल्या खात्याकडे अ‍ॅन्सिबल पाहतच नाही. खाते आणि किल्ली प्रत्येक संगणकावर तशीच राहते. ती नोंद ‘नसावे’ या स्थितीत बदलून, सर्व संगणकांवर लागू झाल्याची खात्री होईपर्यंत ठेवावी आणि मगच काढावी. रजेवर असलेल्या माणसाचा बंद संगणक महिन्याने सुरू होतो, हे येथेही लक्षात घ्यावे.

भंगारात जाणाऱ्या संगणकाची डिस्क आधी काढून घ्यावी. ती फिरणारी असेल, तर संपूर्ण पुसावी. एसएसडी असेल, तर तिच्याच सुरक्षित पुसण्याच्या आज्ञेने पुसावी, कारण नेहमीच्या पद्धतीने वरून लिहिले तरी तिचे काही भाग अस्पर्श राहतात. सुरूच न होणारी डिस्क ड्रिलने भोके पाडून द्यावी. वर्कशॉप शेजारीच असते. त्यानंतर तक्त्यातला तो क्रमांक बंद करावा आणि नव्या यंत्राला तो पुन्हा देऊ नये.